आप्पांनी धरलेला डूख

निंबा आप्पा फार चांगले होते, असं कोणी म्हटलं की मी मान हलवतो, पण मनात म्हणतो, तुम्हाला आप्पा ठाऊकच नाहीत. चांगली माणसं विसरून जातात. आप्पा विसरत नसत. साप डूख धरतो म्हणतात, ते खरं की खोटं देव जाणे. आप्पा धरायचे, हे मी बघितलेलं आहे. आणि त्यातला सगळ्यात मोठा डूख त्यांनी माझ्यासाठी धरला होता, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की हात जोडावेत की कापरं भरावं, हे मला आजही कळत नाही.

सुरतेच्या पांडेसऱ्यात आमच्या कापड रंगवायच्या मिलच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. मी सुरतेत यायच्या कितीतरी आधी त्या टपरीवाल्याने एकदा आप्पांचा नंबर डावलून ऑफिसातल्या कोणालातरी आधी चहा दिला. झालं. तेव्हापासून आप्पा पार कोपऱ्यावरच्या दुसऱ्या टपरीवर जात, ग्लास भरून घेत आणि तो हातात धरून या पहिल्या टपरीसमोरून सावकाश चालत येत. रोज दोन वेळा. मिलमध्ये पोचेपर्यंत चहाचं पाणी झालेलं असे.

"आप्पा, गार चहा कशाला पिता?" मी एकदा विचारलं.

"मला तो गारच लागतो भो," ते म्हणाले, "पण त्याला गरम लागतो."

आप्पा शिंदखेड्याकडचे. घरात अहिराणी, बाहेर आमच्याशी मराठी, मिलमध्ये हिंदी, आणि भाजीवालीशी भांडताना गुजराती. माणसाला नावाने हाक मारायची त्यांना सवयच नव्हती. जिल्ह्याने मारायचे. आमच्या खात्यात एक अमरावती होता, दोन जळगाव होते, एक बुलढाणा. मी परभणी. सातवीतून शाळा सोडून, गावातल्या एका पोराच्या मागे मागे सुरतेला आलेला, कोणी मोठ्याने बोललं तरी "चुकलं का काही?" असं विचारणारा परभणी. गावाकडे माझ्याकडे डोळे लावून बसलेली चार माणसं होती, त्यामुळे नोकरी जाईल ही एकच भीती मी उशाला घेऊन झोपत असे.

आप्पांचं काम शेड बघायचं. पार्टीने कापडाचा नमुना पाठवला की आमच्या मशीनमधून निघालेला रंग त्याच्याशी जुळतो की नाही, हे आप्पा सांगत. त्यांच्या टेबलाला उत्तरेची खिडकी होती. दोन्ही तुकडे घेऊन ते खिडकीशी जात, डोळे बारीक करत, आणि म्हणत, "अर्धा पिवळा जास्त." ट्यूबलाइटखाली त्यांनी कधी कापड बघितलं नाही. "ट्यूबलाइट खुशामत करते. खरं बघायचं तर सकाळचा उजेड, आणि तोही उत्तरेचा." माणसांबद्दलही ते असंच बोलत. अमुक माणूस कसा आहे विचारलं तर "एक शेड उतरलाय" किंवा "वरून निळा, आतून काळा."

आमच्या खात्यावर मोठे मास्तर होते, सगळी रंगाई त्यांच्या हुकमाने चाले. पांढरी पँट, पांढरा सदरा. रंगाच्या खात्यात दिवसभर फिरून अंगावर एक थेंब पडू द्यायचे नाहीत. मिलने त्यांना वापरायला अँबॅसेडर दिली होती. तीही पांढरी. मागच्या सीटला पांढऱ्या टॉवेलचं कव्हर.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. रंगाचं बंद मशीन उकळत्या पाण्याने भरलेलं असतं. आतला दाब उतरल्याशिवाय झाकण उघडायचं नसतं. त्या दिवशी मास्तरांना माल लवकर हवा होता. "खोल, खोल, कुछ नहीं होता," ते म्हणाले. मी खोललं. मरून रंगाचं उकळतं पाणी माझ्या डाव्या हातावरून मांडीपर्यंत आलं. त्यापुढचं मला तुटक तुटक आठवतं. पण एक वाक्य नीट आठवतं. गाडी दाराशीच उभी होती. आप्पांनी मला उचललं होतं, आणि ते म्हणत होते, "मास्तर, दार उघडा, सिव्हिलला नेऊ."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी डाव्या अंगाने सगळा मरून रंगाचा झालो होतो.

"गाडी में नहीं," ते म्हणाले. "सीट पे रंग लगेगा. रिक्षा बुलाओ."

रिक्षा नव्हती. आप्पांनी कापडाची ट्रॉली ओढली, कोऱ्या कापडाच्या गठ्ठ्यावर मला आडवं केलं, आणि भर रस्त्यातून उधन्यापर्यंत ढकलत नेलं. लोखंडी चाकांची ट्रॉली. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडायचो, आणि प्रत्येक ओरडीला आप्पा मास्तरांच्या आईला आठवायचे. उधन्याला एका टेम्पोवाल्याने उचलून घेतलं. महिनाभर मी सिव्हिलमध्ये होतो. काकू, म्हणजे आप्पांच्या घरच्या, रोज डबा आणायच्या. माझ्या आईला मी पत्रात लिहिलं की ताप आला होता.

बरा झालो, पुन्हा त्याच मशीनवर उभा राहिलो. मास्तरांनी "ठीक है ना?" एवढं विचारलं. मी "हो साहेब" म्हणालो, आणि खोटं कशाला सांगू, विचारलं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. आप्पांनी ते ऐकलं. दुपारी मला खिडकीशी नेलं, माझी बाही वर केली आणि उजेडात हात धरून बराच वेळ बघितला.

"अजून दोन शेड उतरायच्यात," ते म्हणाले.

"आप्पा, सोडा ना आता. मी विसरलो."

"तू विसर. मी लक्षात ठेवतो. दोघांत काम वाटून घेऊ."

पुढे ती अँबॅसेडर पलसाण्याच्या रस्त्यावर बसली. रेडिएटरमधलं पाणी संपलं तरी ड्रायव्हरने तशीच दामटली. इंजिन जाम झालं. दोरीने ओढून आणली आणि बॉयलरच्या कोळशाशेजारी टाकून दिली. मास्तरांना नवी गाडी मिळाली. जुनीवर कोळशाची धूळ बसून ती राखी झाली, मग काळी झाली. प्लेग आला, निम्मं सुरत पळालं, परत आलं, तरी ती तिथेच. शेवटी मिलच्या शेठनी भंगारवाल्याला बोलावलं. तो तिच्याभोवती फिरत असताना आप्पा पुढे झाले आणि म्हणाले, "हा देईल त्या भावाने मला द्या." शेठ हसले. दिली.

होळी नुकतीच झाली होती. आम्ही बाराजणांनी ती गाडी ढकलत आप्पांच्या खोलीपर्यंत आणली. आठ खोल्यांची रांग, पुढे कपडे वाळत घालायची थोडी मोकळी जागा. ती सगळी जागा गाडीने खाल्ली. बायका कमरेवर हात ठेवून उभ्या. काकू उंबऱ्यातच होत्या. त्यांनी गाडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हाई मनी सवत उनी व माय." म्हणजे, ही माझी सवत आली गं बाई.

त्या संध्याकाळी आप्पांनी मला बेत सांगितला.

"दसऱ्याला मिलमध्ये गाड्यांची पूजा असते. शेठ असतात, मास्तर असतो, सगळं खातं असतं. त्या दिवशी या गाडीत, या मागच्या सीटवर तुला बसवून मी पुढच्या फाटकातून आत नेणार. मास्तरच्या समोर दार उघडणार. आणि त्याला सीट बघायला लावणार. वाकून. बस, एवढंच. मला त्याचं तोंड बघायचंय."

"आप्पा, माझी नोकरी..."

"दसरा लांब आहे," आप्पा म्हणाले. "आधी इंजिन."

आता, आप्पांना गाडी चालवता येत होती. तरुणपणी त्यांनी टेम्पो हाकला होता. पण उघडायचं म्हणाल तर आयुष्यात सायकलच्या पंक्चरपलीकडे काही उघडलं नव्हतं. मी म्हटलं, गॅरेजवाल्याला देऊ. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेलोही. तो गाडीखाली झोपला होता, तिथूनच म्हणाला, "ओ रंगारी, तुम साडी रंगो. इंजिन तुम्हारे बस का नहीं. यहाँ छोड़ जाओ."

आप्पांनी माझा हात धरला आणि मागे फिरले. त्या दिवसापासून नाक्यावरून जातानाही ते गॅरेजकडे पाठ करून जात.

"सूड मजुरीनं करून घ्यायचा नसतो परभणी," घरी येताना म्हणाले. "स्वतःच्या हातानं करायचा असतो. नाहीतर तो त्या मजुराचा होतो."

दुसरं इंजिन भंगार बाजारात मिळालं, एका चेपलेल्या टॅक्सीचं. इंजिन धड होतं, पण त्याचे नटबोल्ट निम्मे कोणीतरी काढून नेलेले. म्हणजे जुन्याचे बोल्ट जपून काढायचे आणि नव्याला लावायचे. दर सुट्टीच्या दिवशी आप्पा सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून गाडीखाली शिरत. शेजाऱ्यांना वाटे, याला वेड लागलं. पण वेड असं नेमाने काम करत नसतं.

कुठला बोल्ट कुठला, कुठली नळी कुठे जाते, हे लक्षात कसं राहायचं? दुसऱ्या कोणी कागदावर लिहिलं असतं. आप्पांनी रंगाऱ्याची अक्कल चालवली. मिलमधून नमुन्यांच्या चिंध्या आणल्या, पिशवीभर, आणि प्रत्येक बोल्टला, प्रत्येक नळीला, वायरला एकेक शेड बांधली. पाण्याच्या पंपाला पोपटी. धुराच्या नळीला राणी. खालच्या तेलाच्या डब्याला जांभळा, आणि जिथे बोल्टाची लांबी वेगळी तिथे गडद जांभळा. चाळीस-पन्नास शेड. तुमच्या-माझ्या डोळ्याला ज्या एकच दिसतील, त्या त्यांना वेगळ्या दिसत. उघडलेली गाडी अशी दिसायची की जणू तिचं लग्न आहे. आजूबाजूची पोरं बघायला यायची, आणि आप्पा ऐटीत म्हणायचे, "हात लावू नका, शेड बिघडेल."

मग बोरिंगवाल्याकडून तीन पाइपांची तिकाटणी आणि साखळीची कप्पी आणली, रांगेतल्या सगळ्या बाप्यांना बोलावलं आणि जुनं इंजिन वर ओढलं. ते हवेत लोंबकळत होतं तेव्हा आप्पा त्याच्याखाली न जाता त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्याच्या अंगावर थुंकले. "इंजिनाचा काय दोष, आप्पा?" बुलढाणा म्हणाला. "त्यानं मास्तरला वाहिलंय," आप्पा म्हणाले.

इथपर्यंत सगळं नीट होतं. मग आप्पांनी एक गोष्ट केली जी जगात फक्त रंगारीच करू जाणे. बोल्ट घाण झालेत, धुवायला हवेत, म्हणून चिंध्या बांधलेले सगळे बोल्ट त्यांनी एका टबात टाकले, वर डिझेल ओतलं आणि आठवडाभर भिजत ठेवले.

पुढच्या सुट्टीला टब उघडला. आतलं डिझेल काळपट झालं होतं आणि चिंध्या सगळ्या, एकूण एक, एकाच मातकट रंगाच्या. पोपटी नाही, राणी नाही. पन्नास बोल्ट, पन्नास एकसारख्या चिंध्या.

आप्पा टबाशी उकिडवे बसले. दोन चिंध्या पिळल्या, उजेडात धरल्या, पुन्हा टाकल्या.

"पाण्याला पक्का," ते पुटपुटले. "साबणाला पक्का. घामाला पक्का. मी स्वतः तपासलेलं. आता डिझेलमध्ये साडी कोण धुतं रे?"

ही गोष्ट सोमवारी मिलमध्ये पोचली. मंगळवारी मास्तरांपर्यंत गेली. बुधवारी मास्तर आप्पांच्या टेबलाशी आले, चार माणसांसमोर एक मळकी चिंधी टेबलावर ठेवली आणि हसत म्हणाले, "निंबा, जरा ये शेड मॅच कर के दे." सगळे हसले. मीही हसलो. हे मी लपवणार नाही. मास्तर हसल्यावर न हसायची माझी हिंमत नव्हती.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी चिंधी घेतली, खिशात घातली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो आठवडा ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला वाटलं, आता माझाही नंबर त्या चहावाल्यामागे लागला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच हाक मारली. "परभणी, ये. धोतर आणलंय."

पांढरं धोतर गाडीच्या उत्तरेला, सावलीत अंथरलं होतं. त्यावर पन्नास बोल्ट ओळीने मांडलेले. आप्पा मांडी घालून बसले होते. त्यांनी एक बोल्ट उचलून मला दाखवला. "काय शेड?"

"काळा, आप्पा."

"डोळे आहेत का भोकं? नीट बघ. निळसर आहे. तापून निळा झालाय. हा धुराच्या नळीचा." दुसरा उचलला. "याच्या गळ्याशी पांढरट खार आहे. पाणी लागलेलं आहे. पंपाचा. हा बघ, तेलकट काळा, गंज नावाला नाही, तेलातच राहिलेला. खालचा. आणि हा तांबूस, याला वारा लागलाय, हा पुढचा." ते थांबले. "मी मूर्ख. चिंध्या बांधत बसलो. ज्याला-त्याला त्याच्या जागेनं आधीच रंगवून ठेवलेलं होतं."

दुपारपर्यंत त्यांनी सगळे बोल्ट ओळखून वेगवेगळे लावले. ट्यूबलाइटखाली कधीच जमलं नसतं. पन्नासातले तीन तेवढे चुकले, ते लांबीवरून कळले. मी नुसता बघत होतो. आणि तेव्हा पहिल्यांदा, माझ्याही मनात ते आलं. मास्तरांनी टेबलावर टाकलेली ती चिंधी, मशीनचं झाकण, "कुछ नहीं होता". हाताची जुनी कातडी खाजावी तसं काहीतरी आत खाजलं. दोन वर्षं मी ज्याला विसरलो म्हणत होतो ते विसरलेलं नव्हतं, घाबरून गप्प बसलेलं होतं.

"आप्पा, दसऱ्याला मी बसेन," मी म्हणालो.

"बसशीलच," आप्पा म्हणाले. "दुसरा कोण बसणार?"

नवं इंजिन आत उतरवायला तीन सुट्ट्या गेल्या. ते गिअरबॉक्सच्या तोंडापर्यंत येई आणि दोन बोटं अलीकडे अडे. ढकला, हलवा, शिव्या द्या, पुढे जात नसे. अमरावती म्हणाला, गॅरेजवाल्याला विचारू. आप्पांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो घरी गेला. शेवटी आप्पांना कळलं की मधली क्लचची गोल प्लेट जागेवर मधोमध बसलेलीच नाही, म्हणून गिअरबॉक्सचा दांडा तिच्या भोकात शिरत नाही. लूमवर काम करणाऱ्या शेजाऱ्याकडून एक लाकडी बॉबिन मागितली, तिला चिंधी गुंडाळून भोकात घट्ट बसेल इतकी जाड केली, तिच्यावर प्लेट मधोमध धरून बोल्ट आवळले आणि बॉबिन ओढून काढली. इंजिन पुढे सरकलं आणि "खट्" करून बसलं. काकूंनी आतून विचारलं, काय तुटलं?

"काहीच तुटलं नाही," आप्पा म्हणाले, आणि जमिनीवर आडवे झाले.

नवरात्रात गाडी ढकलून सुरू केली. आठ खोल्यांतल्या बाप्यांनी ढकललं. चौथ्या वेळी ती खोकली, कण्हली आणि एवढा काळा धूर सोडला की दोरीवरचे सगळे कपडे पुन्हा धुवावे लागले. पण चालू राहिली. दुसऱ्याच्या वरचा गिअर पडत नव्हता, कितीही करा. आप्पांनी त्याच्यावर वेळ घालवला नाही. "फाटकातून आत जायला दुसरा पुरतो," ते म्हणाले.

गाडी मात्र त्यांनी घासून पुन्हा पांढरी केली, आणि मागच्या सीटचं कव्हर काकूंकडून तीन वेळा धुऊन घेतलं, नीळ घालून. सीटवर सात महिन्यांत कोणाला टेकू दिलं नव्हतं. एकदा काकू भाजीची पिशवी ठेवायला गेल्या तर अंगावर धावून गेले.

दसऱ्याच्या सकाळी सगळीकडे फाफडा-जिलेबीचा वास सुटला होता. आप्पा न्हाव्याकडून दाढी करून आले होते. मला म्हणाले, "बाही वर कर. कोपराच्या वर. तशीच ठेव."

मी मागे बसलो. पांढऱ्या टॉवेलवर, पलीकडच्या खिडकीला चिकटून. आप्पांनी आरशातून बघितलं. "मधे सरक. सीट दिसली पाहिजे. बरं राहू दे, तिकडेच राहा. इकडची बाजू मोकळी बरी."

फाटकाशी वॉचमनने गाडीचा नंबर बघितला, आणि जुन्या सवयीने खाडकन सलाम ठोकून फाटक उघडलं. आप्पांनी त्याला मान दिली, एखाद्या शेठसारखी. आत गाड्या ओळीने उभ्या, झेंडूच्या माळा घातलेल्या. शेठ हातात थाळी घेऊन. मास्तर पांढऱ्या सदऱ्यात. सगळं खातं भोवती. आमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत आली आणि बरोबर मास्तरांच्या पुढ्यात थांबली.

शेठनाच आधी ओळख पटली. "अरे, आ तो आपणी जूनी गाडी छे!" ते एकदम खूश झाले. "निंबा, तें चालू करी? कोणे कर्युं?"

"मीच, शेठ. घरी," आप्पा म्हणाले. ते खाली उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि मास्तरांच्या बाजूचं मागचं दार उघडून, ड्रायव्हर धरतो तसं हाताने धरून उभे राहिले.

"मास्तर," ते बोलले, स्वच्छ आणि मोठ्याने, "दोन वर्षांपूर्वी हा पोरगा भाजला होता. तुम्ही म्हणालात, सीटला रंग लागेल. म्हणून मी त्याला ट्रॉलीवर नेला. आज गाडीतून आणलाय. सीट बघून घ्या. रंग लागलाय का."

कोणी हसलं नाही. मास्तर म्हणाले, "क्या नाटक है?"

"नाटक नाही. सीट बघा."

"निंबा..."

"सीट बघा, मास्तर."

शेठच्या हातातली थाळी तशीच होती. त्यांनी माझ्या उघड्या हाताकडे बघितलं, मग मास्तरांकडे. मला वाटतं त्यांना ही गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. ते हळूच म्हणाले, "देख लो भाई. कह रहा है तो देख लो."

आणि मास्तर वाकले. गुडघे मोडून, डोकं आत घालून, माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यांच्या सदऱ्याला अत्तराचा वास होता. बाहेर आप्पा दार धरून होते. त्यांना मास्तरांची पाठ दिसत होती, फक्त पाठ. तोंड दिसणार होतं ते मला एकट्याला.

मी डोळे गच्च मिटले होते.

किती वेळ, सांगता येणार नाही. "साफ है," असा आवाज आला, एवढं खरं. डोळे उघडले तेव्हा मास्तर पाठमोरे चालले होते आणि आप्पा दार लावत होते.

फाटकाबाहेर पडल्यावर आप्पांनी खिशातून एक कागद काढून मला दाखवला. आदल्या दिवशीच त्यांनी नोकरी सोडल्याचं ऑफिसात लिहून देऊन टाकलं होतं, त्याची ही नक्कल. "तुझंही बघितलंय. उद्या इथे येऊ नकोस. सचिन गावातल्या मिलमध्ये जा, तिथला शेड बघणारा माझ्या गावचा आहे. माझं नाव सांग. मशीनवर उभं राहायचं नाही म्हणावं, खिडकीशी बसव." मला रडू येत होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी गाडी कडेला घेतली, मागे वळले आणि माझ्याकडे, कापडाच्या तुकड्याकडे बघावं तसे डोळे बारीक करून बघितलं.

"मला पाठच दिसली," ते म्हणाले. "तुला दिसलं ना? सांग. तोंड कसं झालं होतं? शेड सांग."

सात महिने. तीन वेळा धुतलेलं कव्हर. पन्नास बोल्ट. उधन्यापर्यंतची ट्रॉली.

"आधी लाल झाला, आप्पा," मी म्हणालो. "मग एकदम राखाडी."

"कुठला राखाडी? कोळशाचा, का चुलीतला?"

"चुलीतला. विझलेल्या."

"ओठ?"

"ओठपण. आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. मला बघितल्यावर."

आप्पांनी पाठ टेकली. मोठा श्वास घेतला. बराच वेळ ते समोरच्या काचेतून बघत राहिले, आणि त्यांच्या तोंडावर मी जे बघितलं ते मी डोळे उघडे ठेवून बघितलं. एवढा तृप्त माणूस मी पुन्हा बघितला नाही.

खोलीशी काकू बोचकी बांधून उभ्या होत्या. सामान डिकीत गेलं. आप्पांनी मला उतरवलं, काकूंना मागच्या सीटवर बसवलं, पाय वर घेऊन आरामात बस म्हणाले. मग ती पांढरी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत, मागून येणाऱ्या प्रत्येक टेम्पोच्या शिव्या खात, पलसाण्याच्या रस्त्याला लागली. शिंदखेड्यापर्यंत तशीच गेली म्हणतात.

मी सचिनच्या त्या मिलमध्ये अजून आहे. खिडकीशी बसतो, उत्तरेच्या. आप्पा वारल्याचं कळलं तेव्हा शिंदखेड्याला जाऊन आलो. तिथे चार माणसांनी मला मास्तरांच्या तोंडाची गोष्ट ऐकवली, आणि मी ती नव्याने ऐकल्यासारखी ऐकली. दसरा आला की माझ्या डोळ्यांपुढे मास्तर वाकतात. मी न पाहिलेलं ते तोंड मी पुन्हा रंगवतो, आणि दर वर्षी एक शेड गडद करतो.